हार घातलेला फोटो

माझे वडील चांगले धडधाकट असताना पाच आठवडे आमच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोला हार होता. तो मीच घातला होता, स्टुलावर चढून, आणि बाबा खाली उभे राहून स्टूल धरत होते. "डावीकडे जरा ओढ. हां, आता सरळ झाला," असं सांगितलंही त्यांनीच.

सुरुवात एका चिठ्ठीपासून झाली. शारजातल्या आमच्या मराठी मंडळींनी त्या वर्षी लघुपटांची स्पर्धा काढली. सात मिनिटांचा सिनेमा करायचा, कलाकार घरचेच, आणि प्रकार कोणता ते चिठ्ठी काढून ठरणार. मला सासू-सुनेची एक गोष्ट करायची होती, मनात तयारही होती. चिठ्ठीत निघालं 'अ‍ॅक्शन'. मी चिठ्ठी बदलून मागितली तर संयोजक हसून म्हणाले, "वहिनी, राहू दे, तुम्हाला नाही झेपायचं." असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

माझं ऑफिस दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये आणि घर शारजात अल मजाजला, त्यामुळे रोज संध्याकाळी दीड-दोन तास रस्त्यात जातात. त्या आठवड्यात मी येता-जाता मोबाइलवर मारामारीचे सिनेमे पाहिले आणि डायरीत नियम उतरवून काढले. नायक कमी बोलतो. खलनायकाचे आधी फक्त बूट दिसतात. पाठलाग वरून खाली होतो, म्हणजे जिने, मग पार्किंग. ओठातलं रक्त अंगठ्यानं पुसायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कारण लागतं. नायक उगीच कुणाला बडवत नाही, आधी त्याचं कुणीतरी गेलेलं असतं. हे सगळं सांगायला सात मिनिटांत वेळ कुठून आणायचा? पण भिंतीवर हार घातलेला फोटो आणि समोर हात जोडून उभा मुलगा एवढं दाखवलं की आपल्या लोकांना तीन सेकंदांत कळतं. पुढचं काही सांगावं लागत नाही.

नायक मिळाला तो अबू धाबीच्याही पलीकडच्या रुवैसचा. तिथल्या एका प्लांटवर वेल्डर, मूळचा चिपळूणकडचा, वय तिशीच्या आत-बाहेर. त्याचा मामा शारजात राहतो म्हणून एका आड एक रविवारी सुट्टीला इकडे यायचा, आणि गणपतीत त्याचं लेझीम मी पाहिलं होतं. आखातात येण्याआधी दोन वर्षं तो मुंबईत शूटिंगला लाइट उचलत होता, त्यामुळे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. कॅमेरा माझ्या नवऱ्याचा. खलनायक म्हणजे नवऱ्याचे काळे बूट, ते मीच घालून चालणार होते. राहिला फोटो.

माझे सासरे खरंच गेलेले आहेत आणि त्यांचा फोटो आमच्या कपाटात आहे. नवरा म्हणाला, "त्यांना असल्या गोष्टीत ओढायचं नाही." तेव्हा बाबा सोफ्यावरून म्हणाले, "माझा घ्या की. मी रिकामाच बसलोय. मला काय, पळायचं नाही की पाठ करायचं नाही."

आम्ही सगळे हसलो. नवरा जरा कमी हसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्या सगळ्या दिवसांत माझ्या पोटात होती. बाबा दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. आई गेल्यापासून ते पुण्याला माझ्या भावाकडे असत. ते इकडे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भावाचा फोन आला की आता त्यांचं करणं त्याला जमत नाही, पुण्याबाहेर एका वृद्धाश्रमात चांगली खोली मिळतेय, त्यानं ती धरून ठेवलीय. व्हिसा संपला की विमानतळावरून थेट तिकडे. मी हो म्हटलं. सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबा माझ्याकडे होते. त्यांना इथे कायमचं ठेवून घ्यायचं तर मोठं घर बघावं लागलं असतं, कागदपत्रांची धावपळ करावी लागली असती. ते अवघड होतं. अशक्य नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाबांना वाटत होतं की ते परत भावाच्या घरी, त्यांच्या खिडकीजवळच्या पलंगावर जाणार. शूटिंग झालं की सांगू, असं मी ठरवलं.

फोटो व्हिसासाठी काढलेलाच घेतला. मागे पांढरं, ओठ मिटलेले, नजर थेट समोर. तो मोठा करायला रोलाला एका स्टुडिओत गेले. तिथल्या मल्याळी माणसानं साइज विचारला, फ्रेम विचारली, मग आवाज खाली करून विचारलं, "फादर?" मी मान हलवली. तो म्हणाला, "सॉरी, मॅडम. भगवान शांती दे." खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी थँक्यू म्हणाले आणि काउंटरवरच्या पेनशी चाळा करत बसले. हार बर दुबईतून आणला, चंदनाचा, कारण खरी फुलं पाच आठवडे टिकली नसती. बाबांनी तो हातात घेऊन वास घेतला. "पंधरा दिरहम? म्हणजे साडेतीनशे झाले. पण टिकाऊ आहे. पुढेही वापरता येईल."

"बाबा, काहीतरीच बोलू नका," मी म्हटलं.

पहिल्या रविवारी पहाटेची बस धरून तो पोरगा दहाला आमच्या दारात. आत आला, फोटो बघितला आणि एकदम थबकला. मग बाबांकडे वळून त्यांच्या पाया पडला. "आजोबा, तुमच्या फोटोसमोर हात जोडायचेत मला. चालेल ना?" बाबा म्हणाले, "जोड बाबा. मी बघत नाही." पाठलाग आम्ही बेसमेंटच्या पार्किंगमध्ये केला. बिल्डिंगच्या पेशावरकडच्या वॉचमननं एक तास दिला होता. "एक घंटा मॅडम, फिर खलास." तो स्वतः खांबाआड उभा राहून बघत होता. मी नवऱ्याचे बूट घालून चालले आणि दोनदा तोंडावर पडले. मजा आली, खोटं कशाला सांगू.

जाताना तो पोरगा दारात घुटमळला. "ताई, एक राहिलं. शूटिंगला पद्धत आहे. ज्याला मेलेला दाखवला त्याचा एक शॉट नंतर घ्यायचा. हसताना. कॅमेऱ्यात बघून हसायचं आणि मग उठून जायचं. नायतर ते तसंच राहतं."

"काय तसंच राहतं?"

त्याला सांगता येईना. उन्हं उतरायला लागली होती, त्याची बस होती, नवरा लेन्स पुसत होता. मी म्हटलं, "पुढच्या वेळी घेऊ. यल्ला, निघ आता." असल्या समजुतींचा मला राग येतो. हार घातल्यानं कुणी मरत नाही.

फोटो मात्र काढता येईना. पुढचे दोन रविवार त्याच भिंतीसमोर शॉट होते आणि हार एक इंच जरी सरकला तर पडद्यावर उडी दिसली असती. नवऱ्यानं बजावलं, "हात लावायचा नाही. कंटिन्युइटी." त्यामुळे फोटो भिंतीवर आणि त्याच्या बरोबर खाली सोफ्यावर बाबा, हातात चहाचा कप. वर एक, खाली एक. पहिले दोन दिवस मुलीनं त्याचे मोबाइलवर फोटो काढले आणि हसून लोटपोट झाली. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

मंगळवारी वॉचमन एसीचा फिल्टर बघायला वर आला. बाबा आंघोळीला गेले होते. त्यानं फोटो पाहिला, छातीवर हात ठेवून डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मग मला म्हणाला, "अल्लाह सबर दे, मॅडम. अच्छा आदमी था. रोज सलाम करता था." मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. परत आले तेव्हा तो गेलेला होता.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "तो खालचा वॉचमन हल्ली माझ्या सलामाला उत्तर देत नाही. लिफ्टशी मला बघितलं की जिन्याकडे निघून जातो. मी काही चुकलो का गं?"

"त्याला कामं असतात, बाबा."

शुक्रवारी वरच्या मजल्यावरची गुजराती बाई झाकलेलं पातेलं घेऊन आली. तिला वॉचमनकडून कळलं होतं. दारातच तिनं माझा हात धरला आणि तिचे डोळे भरून आले. अहो, तो सिनेमा आहे, हे त्या ओल्या डोळ्यांना कसं सांगायचं? मी पातेलं घेतलं. मुगाची खिचडी होती, साधी, फोडणीशिवायची, घरात कुणी गेल्यावर शेजारी आणून देतात तशी. रात्रीच्या जेवणाला बाबांनी ती दोनदा मागून घेतली. "हलकी झालीय. कुणी दिली?" मी नाव सांगितलं. कशासाठी दिली ते नाही सांगितलं.

मग बारीकसारीक व्हायला लागलं. मुलीची मैत्रीण खेळायला आली आणि फोटोकडे बोट दाखवून तिनं विचारलं, तेव्हा माझी मुलगी रंगाच्या पेन्सिली शोधता शोधता म्हणाली, "दॅट वॉज माय ग्रँडफादर." वॉज. बाबा दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत होते. पेपरचं पान उलटायचं ते थांबले, आणि थोड्या वेळानं उलटलं. मी मुलीला आत नेऊन झापलं. ती गोंधळून म्हणाली, "बट मम्मा, इन द मूव्ही ना." त्यानंतर दोन दिवसांनी मी टेबलावर ताटं मांडली आणि बसले. बाबा खोलीतून आले, उभे राहिले. टेबलावर तीन ताटं होती. मी उठायच्या आत ते स्वतः ओट्यावरून चौथं घेऊन आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. फोटोची नाही, माझ्या हातांची. हातांनी न विचारता मोजलं होतं.

बाबाही बदलत चालले होते. आधी ते सारखं काहीतरी विचारायचे, रुपयांत भाव काढायचे, बातम्यांवर टीका करायचे. आता तासन् तास गप्प बसत. हॉलमध्ये येताना भिंतीच्या कडेनं येत, कॅमेरा नसतानाही, जणू कुणाच्या मध्ये यायचं नाही. एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि ते फोटोखाली ओठ मिटून, थेट समोर बघत बसले होते. किती वेळ पापणी हलली नाही. मी "बाबा" अशी हाक मारली. ती दुसऱ्यांदा मारावी लागली.

दुसरा शूटिंगचा रविवार शपथेचा होता. नायक फोटोसमोर उभा राहून बदला घ्यायची शपथ घेतो तो शॉट. हॉल मोकळा हवा म्हणून मी बाबांना खाली खालिद लगूनच्या काठी फिरायला पाठवलं. तो पोरगा फोटोसमोर उभा राहिला आणि खरंच रडायला लागला. टेकमागून टेक, दर वेळी. मी कट म्हटल्यावरही त्याला थांबता येईना. मग त्यानं सांगितलं की दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप गेला तेव्हा रुवैसहून निघता आलं नाही, सगळं मोबाइलवर बघितलं. "नीट फोटो पण नाय ओ त्यांचा. रेशनकार्डावरचा आहे तेवढाच." तो तोंड धुवायला गेला. नवरा पाणी आणायला गेला. तेवढ्यात भावाचा फोन आला. तो खोलीचे पैसे भरायला उतावीळ झाला होता. मी कॅमेऱ्यामागे उभी राहूनच बोलले आणि फोन ठेवला. मग सहावा टेक घेतला आणि तो चांगला झाला.

संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉपवर तुकडे बघत होतो. पाचव्या टेकनंतर नवरा कॅमेरा बंद करायला विसरला होता. पडद्यावर नुसता फोटो, हार, आणि मागून माझा आवाज.

"हो, खोली सोडू नकोस. नाही, अजून नाही सांगितलं. शूटिंग झालं की सांगते. तिथे त्यांची नीट सोय होईल, इथे कोण बघणार त्यांच्याकडे?"

आणि फोटोतल्या बाबांनी डोळे मिटले. उघडले. पुन्हा सावकाश मिटले.

नवऱ्याच्या हातातला कप बशीवर वाजला. आम्ही तो तुकडा मागे नेऊन परत पाहिला. फोटो डोळे मिटत होता, माझ्या "नीट सोय होईल" या शब्दांवर. मग नवऱ्यानं चित्र थांबवून मोठं केलं. काचेत एक दुसरा चेहरा होता, फोटोतल्या चेहऱ्यावर जवळजवळ तंतोतंत बसलेला. कॅमेऱ्याच्या मागे, पॅसेजच्या दारात, बाल्कनीच्या उजेडात बाबा उभे होते.

मुलगी मागून डोकावली. "आजोबा वॉज देअर ओन्ली. होल टाइम."

आम्ही तिघं मोठी माणसं त्या हॉलमध्ये होतो. आम्ही वळलो असू, पाण्याला गेलो असू, त्यांच्या बाजूनं आलो-गेलो असू. आमच्यापैकी कुणालाही ते दिसले नव्हते. फोटोनं पापणी हलवली असती तर ते मला त्या मानानं बरं वाटलं असतं.

बाबा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. मी विचारलं, "तुम्ही फिरायला गेला नव्हता?"

"गेलो होतो. तो वॉचमन मला बघून पुन्हा जिन्याकडे पळाला. मग मी परत आलो."

"बोलला का नाहीत?"

"शॉट चालू होता," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी बसले. रडले, माफी मागितली, आणि जे भावाचा फोन आला त्याच दिवशी म्हणायला हवं होतं ते म्हटलं. मोठं घर बघते, कागदपत्रं करते, इथेच राहा. मी मनापासून म्हणत होते. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मी भांडले असते.

"नको बाळ. इथे माझं सगळं करून झालंय. हार झाला, नमस्कार झाले, शेजारणीची खिचडीसुद्धा आली. आता परत त्यांच्यापुढे हिंडायचं म्हणजे लोकांना त्रास. तिथे मला कुणी ओळखत नाही. तिथे मी नवीन असेन."

मी दोन आठवडे त्यांची मनधरणी केली. वॉचमनला वर बोलावून बाबांच्या समोर उभं केलं. तो ओशाळून हसला, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, पण नंतरही लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर चढला नाही. गुजराती बाईला खरं सांगितलं तर तिनं चार महिने माझ्याशी बोलणं टाकलं. बाबांनी बॅग मात्र शांतपणे भरायला घेतली होती.

शेवटच्या रविवारी मारामारी उरकली आणि तो पोरगा म्हणाला, "ताई, आजोबांचा हसण्याचा शॉट." या वेळी मी लगेच हो म्हटलं. मीच खुर्ची ठेवली, मीच कॅमेरा लावला. "बाबा, इकडे बघा. हसा जरा." बाबा लेन्समध्ये बघत राहिले. ओठ मिटलेले, नजर थेट. त्यांनी प्रयत्न केला, मला दिसत होतं गालाजवळ काहीतरी ओढलं जात होतं. पण व्हिसाच्या फोटोत होता तोच चेहरा पुन्हा येत होता. तो पोरगा कॅमेऱ्यामागे उभा राहून वेडीवाकडी तोंडं करत होता, आणि त्याचेच डोळे वाहत होते. शेवटी बाबा म्हणाले, "राहू दे रे. सवय मोडली." आणि त्याच्या पाठीवर थोपटून उठले.

मी स्टुलावर चढले, हार काढायला. बाबांनी सवयीनं स्टूल धरलं.

"राहू दे ना तो," ते खालून म्हणाले. "आत्ता काढलास तर पुन्हा चढवावा लागेल."

मी तो काढला. विमानतळावर ते मागे वळून न बघता आत गेले, भिंतीच्या कडेनं.

आमच्या सिनेमाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले की फोटोसमोरचा प्रसंग फार खरा वाटतो. आता बाबा त्या वृद्धाश्रमातच आहेत, तब्येत ठीक आहे, जेवण बरं आहे म्हणतात. हार माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. टाकून द्यायचा धीर होत नाही आणि ठेवून घ्यायचाही नाही.

दर रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल करते. त्यांच्या खोलीची भिंत पांढरी आहे. ते तिच्यासमोर ताठ बसतात, ओठ मिटून, थेट समोर बघत, आणि तिथलं नेटवर्क वाईट असल्यामुळे चित्र सारखं थांबतं. थांबलंय की ते तसेच बसलेत, मला कळत नाही. मी वाट बघते, मग राहवत नाही. "बाबा, जरा हलून दाखवा ना."

थोडा वेळ काहीच होत नाही. मग ते माझ्याकडे बघत सावकाश दोनदा डोळे मिटतात, त्या रविवारी काचेत मिटले होते तसेच.